चौघींच्या गाण्यासाठी: घर, हॉल आणि थोडे पैसे हवेत

सप्रेम नमस्कार.

मध्य न्यू जर्सीतल्या आम्ही काही बायका बार्बरशॉप पद्धतीचं गाणं गातो. साथीला वाद्य नाही, ठेका नाही. सुरुवातीला पिच पाइपवर एक सूर घ्यायचा आणि मग चार आवाजांनीच गाणं उभं करायचं. येत्या एप्रिलमध्ये बायकांच्या पट्टीत गाणाऱ्यांसाठी आम्ही शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत मेळावा भरवतो आहोत. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकटहूनही गायिका येणार आहेत. आमच्यात मराठी बायका आहेत, म्हणून ही हाक आधी आपल्या माणसांना.

या गाण्यात चौघी असतात. लीड मूळ चाल गाते, टेनर तिच्या वरून जाते, बास तळ धरते आणि बॅरिटोन उरलेला सूर घेते, कधी लीडच्या वर तर कधी खाली. मेळाव्याच्या काही महिने आधी सगळ्यांना तीच आठ गाणी दिली जातात. तिथे आल्यावर चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्या चौघी निघतील त्यांनी उभं राहून गायचं. त्या एकमेकींना कधी भेटलेल्याही नसतात. कोरसमध्ये शेजारणीच्या आधाराने निभावता येतं, इथे आपल्या ओळीवर आपण एकट्याच असतो. एकीची तयारी कच्ची असली की उरलेल्या तिघींचं गाणंही कोसळतं. म्हणून प्रत्येकीला नोटेशन आणि सरावाचं रेकॉर्डिंग लागतं. त्यात एका कानात आपला आवाज असतो, दुसऱ्या कानात बाकीच्या तिघींचा. गाणं बांधणाऱ्याचा हक्क असतो, त्यामुळे नोटेशनची प्रत प्रत्येकीसाठी विकत घ्यावी लागते. झेरॉक्स काढून वाटलेली आम्हाला चालत नाही. खर्चाचा मोठा भाग इथेच आहे.

आता आपल्याकडच्या बायकांसाठी खास. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो, हे शिकलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. चौघींचे सूर अचूक लागले की बार्बरशॉपमध्येही तसंच घडतं. चौघींपैकी कोणीच गात नसलेला एक सूर वर घुमायला लागतो. त्यासाठी गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित खाली लावावा लागतो आणि कोमल निषाद तर जवळजवळ अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका उतरवावा लागतो. पियानोवर वाढलेल्या कानाला हे समजायला वेळ लागतो. तानपुऱ्याखाली बसलेल्या कानाची निम्मी तयारी झालेली असते.

आणि बास! प्रत्येक मेळाव्यात टेनर आणि लीड मिळतात, खालचा आवाज कमी पडतो. काळी चारमध्ये गाणारी आणि मंद्र पंचमापर्यंत खुल्या आवाजात उतरणारी बाई म्हणजे आमच्यासाठी तयार बास आहे. ‘तुझा आवाज जाड आहे’ असं ऐकून शाळेच्या समूहगानात मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. गंगूबाई हनगलांचा आवाज ज्यांनी मनापासून ऐकला, त्यांना खालच्या आवाजाचं मोल सांगायला नको. अशा मैत्रिणींनी जरूर यावं. पाश्चात्त्य नोटेशन येत नसेल तर ऐकून पाठ करा, आम्ही बरोबर बसून बसवून घेऊ.

शुल्क परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये, हा आमचा आग्रह आहे, आणि त्याला इतिहासाची बाजूही आहे. या गाण्याची मुळं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केशकर्तनालयांत आणि रस्त्यांवर गाणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चौकड्यांत आहेत. १९४५ साली ओक्लाहोमातल्या टल्सा इथे एडना मे अँडरसन यांच्या पुढाकाराने बायकांची ‘स्वीट अ‍ॅडलाइन्स’ संस्था उभी राहिली. पण पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिने सभासदत्व फक्त गोऱ्या स्त्रियांपुरतं ठेवलं. तो नियम न मानणाऱ्या काही शाखा बाहेर पडल्या आणि १९५९मध्ये ‘हार्मनी इनकॉर्पोरेटेड’ स्थापन झाली. पहिल्या संस्थेनेही १९६६मध्ये तो नियम काढला. ज्यांच्या घरातून हे गाणं निघालं त्यांनाच एकदा दाराबाहेर ठेवलं गेलं, हे आम्हाला विसरायचं नाही. म्हणून आमच्याकडे वर्ण, वय, शिक्षण बघितलं जाणार नाही. या पट्टीत ज्यांचा आवाज सहज चालतो त्या सगळ्यांचं स्वागत आहे.

मदत काय हवी?

सगळ्यात आधी झोपायला जागा. हॉटेलचं भाडं वाचलं तर कितीतरी जणी येऊ शकतील. शुक्रवार आणि शनिवार रात्री एक-दोन पाहुण्या ठेवून घेता आल्या तर कळवा. मेट्रोपार्क स्टेशनवरून आणायला-सोडायला गाडी घेऊन कोणी आलं तर फारच सोय होईल.

लहान मुलं असलेल्या आयांसाठी शनिवारी दिवसभर हॉलच्या एका खोलीत पाळणाघर चालवायचं आहे. आजी-आजोबा आणि हायस्कूलमधली मुलं-मुली, दोन-दोन तासांच्या पाळ्या घ्या. हे झालं नाही तर तरुण आया येणारच नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

जेवणाची जबाबदारी गटागटाने घेतलीत तर उत्तम. पोहे, उपमा, वरण-भात, कमी तिखटाची भाजी असं साधंच. तळलेलं आणि झणझणीत नको, गळा धरतो. कोमट पाण्याचे मोठे थर्मास कोणाकडे असतील तर दोन दिवसांसाठी द्या.

हॉलला लागून किमान चार लहान खोल्या हव्यात, एकाच वेळी चार चौकड्या गाऊ शकतील अशा. सिमेंटचा जिना असलेली इमारत असेल तर सोन्याहून पिवळं; जिन्यात सूर असा घुमतो की रात्री बाराला गायिकांना झोपायला पाठवावं लागतं. आपल्या ओळखीत शाळा, चर्च किंवा क्लबचा हॉल असेल तर भाड्याची चौकशी करून सांगा.

आणि पैसे. १०० डॉलरमध्ये एका गायिकेचं नोटेशन, रेकॉर्डिंग आणि दोन दिवसांचं जेवण निघतं. २५ डॉलर दिलेत तरी तेवढाच आनंद आहे. देणगी चेकनेच घेऊ, पावती देऊ आणि मेळाव्यानंतर जमाखर्च सगळ्या देणगीदारांना पाठवू. शिल्लक राहिली तर ती पुढच्या वर्षीच्या नोटेशनसाठी ठेवू.

गाणाऱ्यांनी डिसेंबरअखेर नाव द्यावं, कारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाणी पाठवायची आहेत. घर, गाडी आणि पाळणाघरासाठी फेब्रुवारीअखेरपर्यंत कळवलं तरी चालेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्यातल्या चौघी दोन गाणी म्हणणार आहेत. मदत करणाऱ्यांसाठी तिथेच वही ठेवलेली असेल, तिच्यात नाव आणि काय जमेल ते लिहा.