स्कॅन दोन्ही टोकांना करायला लावलंत, त्याबद्दल

सप्रेम नमस्कार ताई,

आमच्या पाच किलोमीटरच्या पॉइंट-टू-पॉइंट लिंकची (दोन टोकांच्या डिशमधल्या थेट वायरलेस जोडणीची) फ्रीक्वेन्सी तुम्ही फोनवरून नीट लावून दिलीत. तुम्ही सांगितलेलं इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे आभारपत्र सगळ्यांसमोर.

सिग्नल चांगला असूनही स्पीड पडतो म्हटलं की बरेच जण आधी डिश हलवायला सांगतात. तुम्ही आधी हिशोब मांडलात. ५.८ गिगाहर्ट्झवर पाच किलोमीटरचा मोकळ्या हवेतला लॉस (वाटेत सिग्नल किती घटतो ते) साधारण १२२ डीबी, आमची ईआयआरपी (डिशसकट बाहेर पडणारी ताकद) ३६ डीबीएम, समोरची डिश सिग्नलमध्ये घालते ती भर २५ डीबीआय. म्हणजे सिग्नल उणे ६१ डीबीएमच्या आसपास यायला हवा, आणि तेवढाच येत होता. अलाइनमेंट ठीक आहे, डिशला हात लावू नका, हा निर्वाळा तिथेच मिळाला.

खरी गोम स्कॅनमध्ये, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीवर किती गोंगाट आहे ते दोन्ही टोकांना तपासण्यात, निघाली. आपल्या टोकाचा नॉइज (गोंगाट) आपण पाठवलेल्या डेटाला बाधत नाही, ऐकणाऱ्याच्या कानाशी गोंगाट किती हे बघायचं, हे तुमचं वाक्य ध्यानात राहिलंय. जवळच्या टोकाला ५७३५ ते ५८१५ मेगाहर्ट्झ हा सगळा पट्टा स्वच्छ दिसत होता. पलीकडे मात्र ५७८५ ते ५८०५ मध्ये उणे ७५ डीबीएमचा दुसरा कुणाचा तरी रेडिओ बसलेला. आमच्या उणे ६१ च्या सिग्नलशी फरक उरला १४ डीबी, त्यात १६-क्वामच (सिग्नलमध्ये डेटा कोंबायची एक खालची पायरी) जेमतेम टिकतं. ‘ऑटो’ चॅनल, म्हणजे रेडिओने स्वतःच फ्रीक्वेन्सी निवडणं, इथे फसतो तो याचमुळे: ॲक्सेस पॉइंट (आमच्या टोकाचा, चॅनल ठरवणारा रेडिओ) फक्त स्वतःच्या टोकाचं ऐकून निवड करतो.

तुमचा उपाय: चॅनलची ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ रुंदी आणि ५७५५ हा मध्य, म्हणजे ५७३५ ते ५७७५. रुंदी निम्मी केली की रिसीव्हरचा स्वतःचा नॉइजही ३ डीबीने उतरतो. दोन स्ट्रीमच्या (एकाच वेळी डेटाचे दोन प्रवाह पाठवणाऱ्या) ८०२.११ एसी या वाय-फाय प्रकारच्या रेडिओवर ८० मेगाहर्ट्झला १६-क्वाम १/२ चा (अपूर्णांक म्हणजे त्यातला खरा डेटा किती) दर २३४ एमबीपीएस, तर ४० ला वरच्या पायरीच्या ६४-क्वाम ५/६ चा २७०. वर पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवणं थांबतं, ते वेगळंच. रुंद चॅनलचा हट्ट लोक का धरतात कोण जाणे.

बदलाचा क्रम तर भिंतीवर लिहून ठेवावा असा. आधी पलीकडच्या स्टेशनच्या (ॲक्सेस पॉइंटला जोडून घेणाऱ्या रेडिओच्या) स्कॅन लिस्टमध्ये, म्हणजे तो ज्या फ्रीक्वेन्सींवर शोध घेतो त्या यादीत, नवी फ्रीक्वेन्सी घालायची, जुनी काढायची नाही. रुंदी आपोआप जुळत नसेल तर तीही आधी तिथेच बदलायची. लिंक तुटेल, घाबरायचं नाही. मग जवळचा ॲक्सेस पॉइंट. आपोआप जुन्या सेटिंगवर परतणारा टेस्ट मोड असेल तर तो वापरायचाच. क्रम उलटा झाला आणि नवी फ्रीक्वेन्सी लिस्टमध्ये नसली, तर कुणाला तरी टॉवर चढावा लागतो.

डीएफएसबद्दलही (रडारला वाट मोकळी ठेवण्याच्या नियमाबद्दल) बरं सांगितलंत. ५२५०–५३५० आणि ५४७०–५७२५ मेगाहर्ट्झमध्ये रेडिओ आधी किमान ६० सेकंद रडार ऐकत गप्प बसतो, युरोपीय नियमांत हवामान रडारच्या ५६००–५६५० पट्ट्यात तर १० मिनिटं. ती शांतता बिघाड समजून रीबूट केलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रडार सापडलं तर तो चॅनल ३० मिनिटं बंद, म्हणून पर्यायी फ्रीक्वेन्सीही स्टेशनच्या लिस्टमध्ये हवी. तशी एक आम्ही घालून ठेवली आहे.

मनःपूर्वक आभार, ताई.

आपले,
लिंक सांभाळणारे आम्ही सगळे