मायची आंघोळ

अमळनेर,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय सुऱ्या,

तब्येती बऱ्या. माझी शुगर आहे तशीच. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून हे लिहूनच कळवतोय.

माय आता आंघोळीला ओरडत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या मायला सांभाळायला येणारी एजन्सीची बाई सकाळी सातला बादली घेऊन उभी राहायची आणि माय अंगावर धावून जायची. जळगावच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघत विचारलं, 'पेशंट झोपतो का?' माय समोरच्या खुर्चीत होती रे! गोळी वाढवली. मग ती दिवसभर भिंतीला टेकून बसायची आणि सगळे म्हणायचे, आता कशी शांत आहे.

नवी बाई धरणगावची. तिने पहिल्या दिवशी बादली हातात घेतलीच नाही. मायजवळ बसून विचारलं, "माय, तुले काय आवडस?" माय म्हणाली, "माले कोनी इचारंच नही." हळूहळू कळलं, तिला आंघोळ दिवेलागणीला हवी होती. वावरातून आल्यावर, जन्मभर करत आली तशी. तिचं तापवलेलं पाणी तू संपवलंस तेव्हा फुकणीचे फटके खाल्लेस आणि नाव माझं सांगितलंस. अजून कबूल करत नाहीस! एजन्सीच्या फॉर्मवर बीपी, शुगर, पथ्य, सगळ्याला रकाने होते. मायला काय आवडतं, ह्याला नव्हता.

नीलूने इंग्लंडमधल्या लेस्टरहून पाठवलेलं सगळं वाचलं. तिथल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड नव्वदच्या दशकातच सांगत होते की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची पडझड नुसता मेंदू करत नाही, भोवतालची माणसंही करतात. त्याला लहान पोर समजून, न झेपणारी घाई करून, त्याच्या डोक्यावरून आपसांत बोलून. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचा हक्क दिलाय. मायसाठी ती वेळ गेली. मी माझं लिहिणार आहे.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? नीलूच्या बाळाला आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

आता काळजी ही, की एजन्सी बाया बदलत राहते. ही महिनाअखेर जाणार आणि पुढची पुन्हा सातला बादली घेऊन येईल. दादा म्हणतो, नाशिकला वृद्धाश्रमात ठेव. तिथेही तेच, शिवाय तिची बोली कोणाच्या कानावर नसेल. इंग्लंडमधल्या अल्झायमर्स सोसायटीचा 'धिस इज मी' नावाचा कागद नीलूने पाठवलाय. मला काय म्हणून हाक मारावी, माझा दिवस कसा जातो, मी कशाने घाबरते, घाबरले तर कशाने सावरते. अर्धा मी भरला.

उरलेला तू भर. शाळेच्या वर्षांत मी वावरात असायचो, तू तिच्या चुलीपाशी. ती तुझ्याशी काय बोलायची, वीज कडाडली की कुठे बसायची, काय म्हटलं की हसायची, सगळं लिही. अहिराणीतच लिही, आणि ही बाई जायच्या आत पाठव. तिच्याकडून मायला वाचून दाखवायचंय, चुकलं असेल ते माय सांगेल.

तुझा,
बाळ्या