करारात मागावरच्या कामगाराचं नाव कुठे आहे?

महोदय,

भारत-ब्रिटन व्यापार करारावर 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या, तेव्हा आमच्या इचलकरंजीतही आनंद झाला. तिकडे आपल्या कपड्यांवरचा कर शून्यावर येणार म्हटल्यावर कापडाला उठाव येईल, ही आशा मलाही आहे. पण 26 वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे.

आमच्याकडे पुष्कळ माग खर्चीचे. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. मागवाल्याला पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशोबानं मजुरी, कामगाराला मीटरवर. बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपलं आणि नवं आलं नाही, की त्या दिवसापासून कामगाराचा पगार बंद. त्याला कामावरून काढल्याची चिठ्ठी मिळत नाही, भरपाईचा तर विषयच नाही. म्हणून करारामुळे कुणाचं काम गेलं, याची नोंदच कुठे होत नाही.

2011 साली दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली आपण बांगलादेशच्या तयार कपड्यांवरचा कर काढला. त्या सवलतीवर माझा राग नाही, तिथे मशीनवर बसणारी बाईही पोटासाठीच राबते. पण ती शिवते त्यातलं पुष्कळ कापड चीनमधून येतं. म्हणजे असा शर्ट आपल्या बाजारात विनाकर येतो आणि त्यात इथल्या मागाचा एक धागाही नसतो. त्याचा विचार तेव्हा कुणी केला?

परवा आमच्या गल्लीतले आठ साधे माग वजनावर भंगारात गेले. ते चालवणारा रिकामा धोटा हातात धरून टेम्पो भरेपर्यंत उभा होता. दोष एकट्या आयातीचा नाही. वीजबिल आहे, नवे, वेगवान एअरजेट माग आहेत. तरी फटका शेवटी त्यालाच बसला.

अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाच्या 2020 च्या करारात कामगारांसाठी तक्रारीची तातडीची सोय आहे. तिच्या जोरावर मेक्सिकोत सिलाओच्या मोटार कारखान्यात फेरमतदान झालं आणि 2022 मध्ये कामगारांनी आपली स्वतंत्र युनियन निवडली. ब्रिटनबरोबरच्या आपल्या करारातही कामगारांवर प्रकरण आहे, पण ते मोडलं तर तंटानिवारणाकडे दाद मागता येत नाही.

आमच्या खासदारांना विनंती आहे की, पुढच्या करारावर सही होण्याआधी हा मुद्दा संसदेत मांडा, आणि खर्चीच्या मागावरच्या कामगारांची गावोगाव नोंद करून घ्या.

– एक यंत्रमाग कामगार, इचलकरंजी