मालासादांचं पीठ सैलच ठेव

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

पोर्तुगीज पद्धतीचे तळलेले डोनट, मध्ये भोक नसलेले आणि साखरेत घोळलेले, म्हणजेच मालासादा, तुला घरी करायचे आहेत. नुसती कृती पाठवली असती तर पीठ भिजवताना तुझा हात हमखास मैद्याच्या डब्याकडे गेला असता, म्हणून सविस्तर पत्र लिहितेय. या पदार्थाचं पीठ हाताला चिकटतं, परातीला चिकटतं. ते तसंच हवं असतं. ते घट्ट केलंस की हातात गोड तळलेला पाव येतो, मालासादा नाही.

हा पदार्थ अटलांटिकमधल्या आझोर्स आणि माडेरा बेटांचा. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास लागण्यापूर्वी घरातली चरबी, अंडी, साखर संपवायची म्हणून कार्निव्हालच्या दिवसांत तो करतात. गोव्यातला इंत्रूज, म्हणजे तिथला कार्निव्हाल, येतो तोही याच दिवसांत. माडेरात मालासादांवर उसाची काकवी ओतून खातात, आणि तुझ्याकडे कोल्हापूरची काकवी असेल तर हा प्रकार नक्की करून बघ. 1878 साली माडेराचे मजूर ‘प्रिसिला’ जहाजातून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले, पुढे आझोर्सचेही गेले, आणि मालासादा तिथलाच झाला. 1952 साली सुरू झालेली होनोलुलूची लिओनार्ड्स बेकरी तो विकते. हवाईतला मालासादा चेंडूसारखा फुगीर, बऱ्याचदा आत कस्टर्ड भरलेला. आझोर्समधल्या साओ मिगेल बेटावरचा मात्र चपटा, हाताने ओढलेला, मध्ये पातळ आणि कडेला जाड, प्रत्येकाचा आकार वेगळा. मी तुला हाच सांगणार आहे. मधला भाग कुरकुरीत होतो, कड लुसलुशीत राहते आणि दोन्ही एका घासात मिळतात. शिवाय आत कच्चा राहण्याची भीती फार कमी.

अठरा ते वीस नगांसाठी: मैदा 500 ग्रॅम, दूध 220 मिली, मोठी अंडी 3, साखर 60 ग्रॅम, लोणी 60 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल. सगळं काट्यावर मोज. वाटीने मैदा घेतलास तर दाबून भरली की सैल भरली यावर बराच फरक पडतो, आणि इथे 40 ग्रॅम मैदा जास्त झाला तरी पीठ बिघडतं. आपल्या कागदी लिंबाची साल किसताना फक्त वरचा रंगीत थर घे, खालचा पांढरा कडू असतो. संत्र्याची सालही छान लागते. साखर वाढवायचा मोह होईल, पण ती फार झाली की यीस्टला पाणी मिळेनासं होतं, पीठ सुस्त होतं आणि तळताना आतून शिजण्याआधी बाहेरून काळं पडतं. गोडवा वरच्या साखरेतून येऊ दे.

दूध उकळून कोमट होऊ दे, बोट बुडवल्यावर गरम किंवा गार काहीच जाणवू नये इतकं. चटका बसेल असं दूध यीस्ट मारतं. मे महिन्यात उलट कर, दूध गारच घे, कारण मळतानाच पीठ तापतं आणि भराभर फुगून आंबूस होतं. पावसाळ्यात मैद्यात आधीच दमटपणा असतो, तेव्हा 20 मिली दूध मागे ठेव आणि लागलं तरच घाल.

लोणी आणि मीठ सोडून सगळं एकत्र कालव आणि झाकून वीस मिनिटं विसरून जा. या वेळात मैदा ओलावा शोषतो आणि पुढचं मळणं अर्ध्यावर येतं. मग मीठ घालून मळायला घे. पोळीच्या कणकेसारखं दाबून मळता येणार नाही. एका हाताने पीठ खालून उचल, वर ताण आणि परातीत आपट, पुन्हा उचल. पहिली पाच मिनिटं काहीच जमत नाहीये असं वाटेल. आठ-दहा मिनिटांनी पीठ परातीपासून सुटू लागतं. तेव्हा मऊ लोणी तीन भागांत घाल. लोणी सुरुवातीलाच घातलंस तर मैद्याच्या कणांना स्निग्धाचा लेप बसतो आणि चिवटपणा यायला फार वेळ लागतो. लोणी पडल्यावर पीठ परत फाटल्यासारखं दिसतं, तरी मळत राहा, पाचेक मिनिटांत सांधतं. चिमूटभर पीठ दोन्ही हातांनी हळूहळू ताणून पाहा, न फाटता पलीकडचा उजेड दिसेल इतका पडदा झाला की थांब. या सगळ्यात कुठेही पिठी लावायची नाही, हाताला तेलाचं बोट लाव.

तेल लावलेल्या मोठ्या पातेल्यात झाकून ठेव. 28 अंशांच्या आसपास दीड ते दोन तासांत दुप्पट होतं, कडक उन्हाळ्यात तासाभरात. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेव: ओलं बोट रोवल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला तर पीठ तयार. झटकन भरला तर अजून थांब. अजिबात भरला नाही आणि पीठ खाली बसू लागलं, तर ते जास्त फुगलंय. असं पीठ तेल पितं आणि तळल्यावर बसतं. सवड असेल तर अर्धा तास बाहेर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. चव जास्त खुलते आणि गार पीठ हाताळायला सोपं जातं. मात्र तळण्याआधी ते तासभर बाहेर राहू दे.

कढईत निदान सहा-सात सेंटीमीटर खोल तेल घे, रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा. तेल 175 ते 180 अंश हवं. थर्मामीटर स्वस्त मिळतो, घेऊनच टाक. तोवर पिठाचा वाटाण्याएवढा गोळा सोडून पाहा: तो तळाला जाऊन लगेच वर यावा आणि मिनिटभरात सोनेरी व्हावा. 160 च्या खाली तेल आत मुरतं, 190 च्या वर साल करपते आणि जाड कड कच्ची राहते.

मेदूवड्याला करतो तसे हात पाण्यात बुडवून झटक. कढईत पाण्याचा थेंब पडू देऊ नकोस, म्हणजे झालं. पन्नासेक ग्रॅमचा गोळा तोड, अंगठ्यांनी मधोमध दाबून कडेकडेने फिरवत ओढ, तळहाताएवढा झाला की लगेच अलगद तेलात सोड. मध्ये भोक पडलं तरी चालतं. एका वेळी तीनच टाक, जास्त टाकलेस की तेल एकदम गार होतं आणि पुन्हा तापेपर्यंत सगळे तेलकट होतात. एका बाजूला मिनिट ते सव्वा मिनिट, एकदाच उलटायचं. मधला भाग फुगून उलटायला त्रास देत असेल तर झाऱ्याने क्षणभर दाब.

साखर आधीच ताटात तयार ठेव. आपल्याकडची साखर जाड असते, ती नीट चिकटत नाही. मिक्सरवर दोन झटके दे, पण पिठीसाखर होऊ देऊ नकोस, ती गरम मालासादावर वितळून ओली होते. हवी तर चमचाभर दालचिनीची पूड मिसळ. मालासादा चाळणीवर अर्धा मिनिट निथळू दे, मग घोळव. तेलातून काढल्या काढल्या घोळवलास तर साखरेचे गठ्ठे होतात, गार झाल्यावर काहीच चिकटत नाही.

अंड्याशिवाय करू का, हे तू विचारणारच. कर, दूध 300 मिली घे, पण आतला तो पिवळा, जाळीदार, किंचित ओलसर पोत त्यात येणार नाही. माझं मत विचारशील तर या एका पदार्थाला अंडी असू देत.

खायचे मात्र दोन-तीन तासांत. उरले तर डब्यात बाहेरच ठेव, फ्रिजमध्ये ते लवकर शिळे आणि कडक होतात. दुसऱ्या दिवशी 170 अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं गरम करून पुन्हा साखरेत घोळव. तळणीचं तेल गार झाल्यावर गाळून ठेव. पिठी लावली नसशील तर ते काळं पडलेलं नसेल आणि पुन्हा वापरता येईल.

पहिला घाणा झाला की एक मालासादा मधोमध फाडून त्याचा फोटो पाठव. आतली जाळी पाहून पीठ कमी फुगलं की जास्त, ते मला सांगता येईल.

तुझी,
मेधा