पश्या, तुझ्या बेसची आठवण आली

प्रिय पश्या,

भावा, जहाज परवा हॅम्बर्गला लागलं आणि काल संध्याकाळी चार तास मोकळे मिळाले, तर मी बाजारात वगैरे न जाता सरळ ग्रोसे फ्राइहाइट नावाच्या गल्लीत गेलो, बीटल्स बँडची गल्ली रे, आपण गंगावेशीतल्या तुमच्या माडीवर कॅसेट घासून घासून ऐकायचो त्यांची. इंद्रा क्लब आहे अजून तिथं. १७ ऑगस्ट १९६० ला पोरं या शहरात पहिल्यांदा इथंच वाजवायला उभी राहिली, तेव्हा त्यांना हॅम्बर्गमध्ये काळं कुत्रं ओळखत नव्हतं. त्यांच्यातला जॉर्ज तर १७ वर्षांचा! रोज साडेचार तास, शनिवार-रविवारी सहा, आणि झोपायला बांबी नावाच्या थिएटरात पडद्यामागची खोली, खिडकी नाही, शेजारी संडास, तिथल्याच बेसिनवर दाढी करायची. सकाळी डोळा लागला की पडद्यापलीकडं पिक्चर सुरू. अशा ४८ रात्री काढल्या त्यांनी इंद्रामध्ये, मग आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणून मालकानं त्याच गल्लीतल्या कायझरकेलर क्लबला हलवलं.

पण मला तुला सांगायचंय ते स्टुअर्टबद्दल. स्टुअर्ट सटक्लिफ, त्यांचा पहिला बेस गिटारवाला. मूळचा चित्रकार, जॉन लेननचा आर्ट कॉलेजमधला जिगरी. लिव्हरपूलच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याचं चित्र ६५ पौंडांना गेलं आणि जॉननं मागं लागून त्या पैशातून त्याला बेस घ्यायला लावला. वाजवायला येत नव्हतं त्याला फारसं. तरी बँडचं नाव त्यानं आणि जॉननं मिळून काढलं, आणि इथं आल्यावर अ‍ॅस्ट्रिड किर्शहेर नावाच्या मुलीनं जत्रेच्या मैदानात या पाचजणांचे जे फोटो काढले ना, ते बघताना माझी नजर जॉन-पॉलवर ठरतच नाही, मागं उभ्या असलेल्या स्टुअर्टवरच जाते.

१९६१ ला त्यानं बँड सोडला, अ‍ॅस्ट्रिडसाठी आणि चित्रांसाठी, आणि पाओलोझी नावाच्या शिल्पकाराच्या हाताखाली शिकायला इथंच राहिला. बेस पॉलकडं गेला. १० एप्रिल १९६२ ला स्टुअर्ट गेला, मेंदूत रक्तस्राव, वय २१. दुसऱ्या दिवशी जॉन, पॉल आणि ड्रमवाला पीट नव्या क्लबात वाजवायला म्हणून विमानानं आले, एअरपोर्टवर अ‍ॅस्ट्रिड भेटली आणि तिच्या तोंडून त्यांना कळलं. त्यांची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली ५ ऑक्टोबरला. सहा महिने पण नाहीत रे मधे.

मी त्या गल्लीत उभा होतो आणि मला तू दिसत होतास. मंडळाच्या गणपतीचा तो मोठा पडदा रंगवलास, पंधरा रात्री जागून, बोटाच्या पेरांत निळा रंग बसलेला तसाच, आणि आलेले सगळे पैसे माझ्या हातावर ठेवून म्हणालास, बेस आणू, मी शिकतो. शिकलास पण. अण्णा गेल्यावर दुकान बघायला लागलं म्हणून तू प्रॅक्टिसला यायचा थांबलास, आणि आम्ही दुसरा पोरगा घेतला, तुला साधं विचारलं नाही. तू कधी बोलून दाखवलं नाहीस. त्या बँडनं पुढं जे काही वाजवलं, मी त्याच्या जोरावर ज्या ज्या गावात मिरवलो, त्यात तुझ्या पडद्याचे पैसे होते आणि मी कुठंही, कधीही तुझं नाव घेतलं नाही. हे मला वीस वर्षं खातंय. माफ कर मला.

वहिनी मागं म्हणाल्या होत्या, बेस अजून माडीवर खुंटीला आहे, तारा गंजल्यात. इथं एका दुकानातून चार तारांचा सेट घेतलाय, जाड बघून. दिवाळीला सुट्टीवर येतोय. तोवर त्याची मान वाकली असेल तर बघून ठेव, आणि खुंटीवरनं काढून सपाट ठेव.

तुझाच,
सुऱ्या