ठरलेले होते, हे कुणी ठरवले?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला नियतीवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. ‘जे घडायचे ते आधीच ठरलेले असते, हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे,’ असे लेखक ठामपणे लिहितात. कधी मान्य केले?

विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरची बले ठाऊक असलेल्या बुद्धीला भविष्यही भूतकाळाइतकेच स्पष्ट दिसेल, असे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने 1814 मध्ये लिहिले, हे खरे. आइन्स्टाइनने 1926 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नला ‘तो (म्हणजे देव) फासे टाकत नाही’ या आशयाचे पत्र लिहिले, हेही खरे. पण तो अणूंच्या जगात योगायोग मानणाऱ्या क्वांटम सिद्धांतावरचा आक्षेप होता, सिद्धता नव्हे. लेखक नेमके तिथेच थांबले. या वादाचा काही भाग प्रयोगाने तपासता येतो हे दाखवणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांचे 1964 मधले काम, त्यावरचे प्रयोग, त्या प्रयोगांना 2022 मध्ये मिळालेले नोबेल, याबद्दल अवाक्षर नाही. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांची त्याच सिद्धांताची 1952 ची मांडणी सगळे ठरलेले मानते आणि ती अजून कुणी खोडलेली नाही, हे मला मान्य आहे. म्हणजे वाद मिटलेला नाही. मग मिटला म्हणून छापता कसे?

मला हे इतके का लागले, तेही सांगते. माझ्या धाकट्या बहिणीला थायरॉइडचा कर्करोग झाला. भेटायला आलेले एक नातेवाईक तिच्या उशाशी बसून म्हणाले, ‘नशिबातच होतं, कोण काय करणार!’ ते गेल्यावर तिने मला विचारले, ‘ताई, मी असं काय केलं होतं गं?’ पेशी विभागताना डीएनएची नक्कल कधी कधी चुकते, बऱ्याचदा त्यामागे कुणाचाच दोष नसतो, हे डॉक्टरांनी तिला आधी समजावले होते. त्या एका वाक्याने ते सगळे पुसले गेले.

पुढे तिला किरणोत्सारी आयोडीन 131 दिले. खोलीत वापरलेले कपडे रुग्णालयाने पिशवीत बांधून ठेवून घेतले. जवळजवळ तीन महिन्यांनी मी ते आणायला गेले. तंत्रज्ञाने पिशवीवरून मोजयंत्र फिरवले. टक. मग शांतता. टक-टक. पुन्हा बराच वेळ काही नाही. तो म्हणाला, ‘एवढे ठोके रिकाम्या खोलीतही पडतात, घेऊन जा.’ पुढचा ठोका केव्हा पडेल, असे मी विचारले. ‘ते नाही सांगता येत. कुठला अणू कधी फुटेल ते कुणालाच कळत नाही. पण आठ दिवसांत निम्मे जातात, यात चूक होत नाही.’ घरी येऊन मी बहिणीला हे जसेच्या तसे सांगितले. ती कितीतरी वेळ ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ‘मी काय केलं होतं’ हा प्रश्न तिने त्यानंतर विचारला नाही.

आता तुमच्या लेखातली चौकट पाहा. ‘आठ दिवसांत निम्मे अणू संपतात, सोळा दिवसांत सगळे.’ साफ चूक! सोळा दिवसांनी पाव भाग उरतो. ऐंशी दिवसांनीसुद्धा हजारातला साधारण एक भाग शिल्लक असतो, म्हणूनच ती पिशवी इतके दिवस अडवून ठेवली होती. हे छापण्याआधी एखाद्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला दाखवले असते तरी पुरले असते.

बहीण दर रविवारी तुमची पुरवणी वाचते. या वेळी ते पान मी काढून ठेवले. निदान चौकटीची दुरुस्ती तरी येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका