मिस्त्रीकाका, आतून डॉली कोणी धरली होती?

नौपाडा, ठाणे

आदरणीय मिस्त्रीकाका यांस,
सादर नमस्कार.

तुमचे नाव कुठेही येता कामा नये, ही तुमची अट पाळून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. समोर बसून आभार मानू गेलो की तुम्ही चहा मागवून विषय बदलता, हा अनुभव मी दोनदा घेतला. त्यामुळे निदान अध्येमध्ये थांबवता येणार नाही, एवढ्यासाठी तरी लिहिलेले बरे.

आमची इमारत पुनर्विकासाला जायची ठरली, तेव्हा आवाराच्या मागच्या भिंतीशी तीसेक वर्षे उभ्या असलेल्या ट्रॉलीचे काय करायचे, हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. घरात तिला कॅराव्हान कोणी कधी म्हटले नाही. जीपमागे जोडायचा दुचाकी ट्रेलर, त्यावर वडिलांनी बांधलेली अ‍ॅल्युमिनियमची खोली, आत झोपायला दोन फळ्या, स्टोव्हचा कप्पा आणि एक सरकती खिडकी, एवढाच तिचा संसार. तिच्यातून आम्ही गणपतीपुळे पाहिले, महाबळेश्वर पाहिले आणि कशेडी घाटात एक अख्खी रात्र काढली. वडील गेल्यावर ती कबुतरांची झाली.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी एका गॅरेजमध्ये गेलो होतो. वरची खोली कापून टाकावी आणि खालचा ट्रेलर मिलिटरी हिरव्या रंगात ‘ओरिजिनल’ करून घ्यावा, कारण जुन्या जीपच्या शौकिनांत त्याला चांगले पैसे येतील, असा सल्ला तिथे मिळाला. मी जवळजवळ होकार दिला होता. ‘अमेरिकन सैन्याचा ट्रेलर, १९४२, कल्याण कॅम्पच्या लिलावातून आजोबांनी घेतलेला’ असा फलकाचा मजकूरसुद्धा तयार होता. तो कागद तुम्ही वाचलात, घडी घालून माझ्याच खिशात ठेवलात आणि पाठीखाली गोणपाट टाकून ट्रॉलीच्या खाली सरकलात. वयाच्या शहात्तराव्या वर्षी कोपरीहून बसने येऊन तुम्ही हे केलेत, हे इथे नोंदवून ठेवतो.

खालून तुम्ही पहिली वस्तू दाखवलीत ती तळाच्या पत्र्यातली, पाणी सोडायची बुचे. साध्या माल वाहायच्या ट्रेलरला बुचे कशाला, असे मी विचारले, तेव्हा युद्धकाळातल्या पाव टनी ट्रेलरची सगळी हकीकत तुम्ही तिथेच पडल्या पडल्या सांगितलीत. जीपचा पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्ये सैन्याला सादर करणारी बँटम ही पेनसिल्व्हेनियातील बटलर गावची छोटी कंपनी. पण जीपच्या मोठ्या ऑर्डरी विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेल्या आणि बँटमच्या वाट्याला मुख्यतः जीपमागचे ट्रेलर आले. हा ट्रेलर पाव टनी, म्हणजे ५०० पौंड, आपल्या हिशेबाने सुमारे २२७ किलो माल वाहणारा. नदी ओलांडताना भरलेल्या मालासकट तो तरंगावा म्हणून त्याचे पात्र पाणबंद ठेवलेले असे आणि आत शिरलेले पाणी सोडून देण्यासाठी तळाला बुचे असत. पाणबंद ठेवायचे म्हणूनच त्याला मागे उघडणारा फाळका नसे. फाळका आला तो युद्धानंतर नागरी गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या ट्रेलरला. आमच्या ट्रॉलीला मागे दार आहे, पण ते नंतर कापून काढलेले आहे, हे तुम्ही वेल्डिंगच्या सांध्यावरून माझे बोट फिरवून दाखवलेत. सांध्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा पत्रा एकच होता.

डाव्या चाकाच्या स्टडवर, म्हणजे चाकाचा नट ज्यावर बसतो त्या आटे असलेल्या दांड्यावर, पुसट झालेले इंग्रजी ‘एल’ अक्षर तुम्ही रॉकेलच्या बोळ्याने साफ केलेत, तेव्हा मला गॅरेजमध्ये तुटलेल्या स्टडचा उलगडा झाला. त्या काळच्या जीपच्या आणि तिच्या ट्रेलरच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, म्हणजे आपण जिकडे सैल करतो तिकडे नट आवळला जाई. गॅरेजमधल्या पोराने पाइप लावून जोर केला आणि स्टड तोडला. चूक त्याची नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पण ‘ओरिजिनल’ करून देण्याचा बेत असलेल्या ठिकाणी हे ठाऊक असायला हवे होते, एवढे मात्र म्हणतो.

एवढे सगळे जुळल्यावर मी फलकावरचे १९४२ आता पक्के झाले असे म्हणालो. “आकारावरून जात कळते, जन्मतारीख नाही,” असे म्हणून तुम्ही पुढच्या बाजूला जिथे कंपनीची पट्टी असायची तिथली रिकामी भोके दाखवलीत. लिलावाचेही तेच. कल्याण कॅम्प, म्हणजे आजचे उल्हासनगर, महायुद्धात सैनिकी छावणी होती आणि फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, हे तुम्हाला मान्य होते. पण तेवढ्यावरून आमचा ट्रेलर तिथून आला असे ठरत नाही आणि घरात काही लिहिलेले सापडते का ते बघ, असा तुमचा आग्रह होता. मला तो तेव्हा हट्ट वाटला. बांधाबांध चालू असलेल्या घरात ट्रंका उघडायला लावणाऱ्या माणसाबद्दल जे वाटायचे ते वाटलेच.

तिसऱ्या ट्रंकेत वडिलांची खर्चाची वही मिळाली. १९७१ च्या मे महिन्याखाली त्यांच्या टोकदार अक्षरात एक ओळ आहे: ‘ट्रेलर, वागळे इस्टेट, ठेकेदाराकडून, रु. ६५०.’ आजोबांच्या लिलावाची गोष्ट आमच्याकडे पन्नास वर्षे सांगितली गेली, आणि आजोबांचा त्या ट्रेलरशी काडीचा संबंध नव्हता! वही दाखवली तेव्हा तुम्हाला जराही आश्चर्य वाटले नाही. वागळे इस्टेट १९६२ मध्ये एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणून सुरू झाली तेव्हा बांधकामावर पाण्याची पिंपे आणि सिमेंट ओढायला असलेच ट्रेलर असत, असे म्हणून तुम्ही चाकावरच्या मडगार्डवर पॉलिश पेपरने रुपयाएवढा गोल घासलात. वरचा पांढरा रंग गेला, त्याखाली पिवळा आला, मग रेड ऑक्साइड आणि सर्वांत खाली हिरवा. पिवळा ठेकेदाराचा, असे तुमचे अनुमान. तो गोल मी तसाच ठेवला आहे, वर फक्त वॉर्निश मारले.

खोलीकडे तुम्ही शेवटी वळलात. वहीच्या मागच्या पानात वडिलांनी इंग्रजी मासिकातले एका चकचकीत ट्रेलरचे चित्र डकवले होते; ते एअरस्ट्रीमचे, म्हणजे विमानासारखा रिव्हेट मारलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा १९३६ पासून वापरणाऱ्या अमेरिकन कंपनीचे. वडिलांनी ते पाहून गोलाई घेतली, पण सरकत्या खिडकीची पट्टी एस.टी.च्या बसला असे त्या जातीची आहे, हे दापोडीच्या कारखान्यात बसच्या बॉडी बांधण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या तुमच्यासारख्या माणसाला लांबूनच कळले. खोलीच्या वजनामुळे ट्रेलर खाली बसू लागला असणार, म्हणून चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या थप्पीत एक जादा पाटा घातला आहे, हेही तुम्हीच दाखवलेत. त्याची टोके बाकीच्यांसारखी कापलेली नाहीत.

आणि मग रिव्हेट. मधे भोक असलेले ते पॉप रिव्हेट, नंतरच्या दुरुस्तीचे, एका माणसाने बाहेरून मारलेले. जिथे लोखंडी स्क्रू पिळले आहेत तिथे अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या संगतीने, त्यात खाडीच्या दमट हवेची भर पडून, पांढरी भुकटी झाली आहे आणि भोके मोठी झाली आहेत. पण मूळचे सगळे रिव्हेट भरीव. ते बसवायला दोन माणसे लागतात: एक बाहेरून हातोडा मारणारा आणि दुसरा आतून रिव्हेटच्या शेपटीवर डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दाबून धरणारा. खिडकीखालच्या ओळीवर तुमचा अंगठा फिरत होता. “इथून पुढे शेपट्या तिरक्या आहेत. डॉली धरणाऱ्याचा हात भरून आला होता. कोण होते आत?” असे तुम्ही विचारलेत. मला माहीत नव्हते. वहीत मदतनिसाच्या मजुरीची एकही नोंद नव्हती.

रात्री जेवताना आईला विचारले. “मीच,” ती म्हणाली. “दुसरे कोण बसणार त्या डब्यात? तू पोटात होतास.” एवढ्या वर्षांत आम्ही कोणी विचारले नव्हते, म्हणून तिनेही सांगितले नव्हते.

खोली कापायचा विषय तिथेच संपला. ट्रॉली आता कोलशेतला एका नातेवाइकांच्या शेडमध्ये आहे. लोखंडी स्क्रू तुमच्या देखरेखीखाली काढून भरीव रिव्हेट मारले. ज्या ठिकाणी लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकते तिथे तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रायमर आणि रबराची पट्टी घातली. तिरक्या ओळीला कोणालाही हात लावू दिला नाही. फलकावर आता सन नाही, आजोबा नाहीत. युद्धकालीन धाटणीचा ट्रेलर, ठेकेदाराकडून खरेदी १९७१, वरची खोली आईवडिलांनी बांधली, इतकेच आहे.

या सगळ्या कामाचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, फक्त बसभाडे घेतलेत, तेही सुटे मोजून. त्याबद्दल आणि माझ्या खिशात परत ठेवलेल्या त्या कागदाबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

एक अडचण राहिली आहे. शेवटचा रिव्हेट मारताना तुम्ही आईला स्टुलावर बसवून तिच्या हातात तुमची डॉली दिली होतीत. ती तिने पिशवीत घालून घरी आणली आहे. काकांची वस्तू आहे, परत द्यायला हवी, असे मी तिला तीनदा सांगितले. काकांकडे दुसरी असेल, असे तिचे म्हणणे आहे.

आपला नम्र,
ट्रॉलीवाल्यांचा धाकटा